वाचक विचारतात: मोटरहोमची चमक गेली, आता काय?

मागच्या अंकात कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, बॅटरीवर दोन प्रश्न घेतले आणि त्यानंतर मेलबॉक्स नुसता भरला, आणि गंमत म्हणजे बॅटरीचं कोणी विचारत नाही, सगळ्यांना गाडी बाहेरून कशी चमकवायची तेच हवंय. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आता आपल्याकडेही टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर बनवून घेणारे दिसतात, तिकडे अमेरिकेतली आपली मंडळी तर रिटायरमेंटला मोटरहोमच घेतात. निवडक प्रश्न घेतलेत, काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, रागावू नका.

नमस्कार, मी ह्यूस्टनला असतो. सेकंडहँड मोटरहोम घेतलं, २८ फुटी, पांढरं फायबरचं. घेताना एकदम चकाचक होतं. आता दोन्ही बाजू मॅट झाल्यात, हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागते. कारचं महागडं वॅक्स लावलं, थोडे दिवस बरं दिसलं, परत तेच. बायको म्हणते सरळ पेंट करून टाक. खरंच करावं लागेल का?

पेंट नको, निदान आत्ता तरी नको, वहिनींना सांगा हजारो डॉलर वाचले. झालंय असं की तुम्ही कारचं औषध मोटरहोमला लावताय. तुमच्या फायबरवर जो पांढरा थर आहे तो कारसारखा पेंट नाहीच, तो जेलकोट, म्हणजे पॉलिस्टर रेझिनमध्ये रंग घालून केलेला थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. कारचा वरचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, ४०-५० मायक्रॉन असतो, म्हणजे हा दहापट जाड. पण मऊ असतो आणि सच्छिद्र असतो, टेक्साससारख्या उन्हात यूव्ही (अतिनील) किरणांनी वरचं रेझिन मरतं आणि आतला रंगाचा कण सुटा होतो, हाताला लागते ती पूड म्हणजे तेच. त्या मेलेल्या थरावर वॅक्स लावलं तर ते पुडीवरच बसतं आणि पुडीबरोबरच जातं.

आधी एक बघा. मागच्या बाजूला खाली, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे दोन फूट बाय दोन फूट जागा पाण्याने ओली करा. ओली असताना रंग परत भरलेला, चमकदार दिसला तर समजा जीव आहे, बफिंगने, म्हणजे मशीनने घासून, चमक परत येईल. ओलं करूनही बारीक तडे किंवा फायबरचे धागे दिसले तर जेलकोट संपला, मग मात्र वहिनी बरोबर. आणि बाजूची भिंत खरंच फायबर आहे ना तेही बघा, काही मोटरहोमला पेंट केलेला ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि महागड्या गाड्यांना पूर्ण पेंट वर क्लिअरकोट असतो, त्यांच्यावर खरखरीत कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, चालवलं तर पेंटच उडेल.

आता काम. पहिली धुलाई भांडी घासायच्या लिक्विडने केली तरी चालेल, कारण जुनं वॅक्स काढायचंच आहे, नंतर मात्र कायम न्यूट्रल कार शाम्पू, भांड्याचं लिक्विड परत हातात घ्यायचं नाही. मग ऑक्सिडेशन काढायचं कंपाउंड, डब्यावर जेलकोट किंवा मरीन लिहिलेलं घ्या, बोटीही त्याच जेलकोटच्या असतात त्यामुळे बोटीच्या दुकानात नेमका माल मिळतो. मशीन ड्युअल ॲक्शनचं घ्या, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता हलतोही. नुसता गोल फिरणारा रोटरी बफर लवकर कापतो हे खरं, पण एका जागी क्षणभर थांबला तरी गरम होतो, कडा जळतात आणि उन्हात गोल गोल रेषा दिसतात, ज्याचा हात बसलाय त्यानेच धरावा. एका वेळी दोन बाय दोनचाच चौकोन घ्या, मशीन सावकाश आडवं मग उभं फिरवा, पुसा, तिरप्या उजेडात बघा, मग पुढचा. पॅडमध्ये ती पांढरी पूड गच्च बसते आणि मग पॅड कापायचं सोडून नुसता घसरत राहतो, म्हणून प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचा, चार-पाच पॅड हाताशी ठेवायचे. बहुतेक लोक इथेच कंटाळतात आणि म्हणतात कंपाउंड भिकार निघालं.

कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, आणि मग त्याच दिवशी वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट, म्हणजे कृत्रिम वॅक्स. त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी, कारण आता ताजा जेलकोट उघडा पडलाय, तसाच महिनाभर उन्हात ठेवलात तर सगळी मेहनत पाण्यात. कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, दिसायला सुंदर पण तुमच्याकडच्या उन्हात काही आठवडे ते दोन-तीन महिने, पॉलिमर जास्त टिकतं. पूर्ण गाडी एका शनिवारी संपवायच्या नादाला लागू नका, एक बाजू धुण्यापासून सीलंटपर्यंत पुरी करा, दुसरी पुढच्या वीकेंडला. सकाळी लवकर, सावलीत, आणि पॅनलवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे, चटका बसला तर त्या दिवशी सुट्टी. कंपाउंडनेही नाही आलं तरच वॉटर पेपर, म्हणजे ओला चालणारा पॉलिश पेपर, १००० नंबरचा मग १५०० मग २०००, भरपूर पाण्यात, पण त्याआधी मला फोटो पाठवा.

सॅन होजेहून लिहितेय. एका व्हिडिओत मोटरहोमला फरशीचं ॲक्रिलिक लिक्विड पॉलिश चार-पाच कोट लावलं, बफिंग वगैरे काही नाही, आणि गाडी नव्यासारखी झाली. करू का?

होते, खरंच होते नव्यासारखी, व्हिडिओवाला खोटं नाही बोलत. फक्त तो दीड वर्षानंतरचा व्हिडिओ टाकत नाही. हे पॉलिश म्हणजे ॲक्रिलिकचा पातळ पापुद्रा, जेलकोटची छिद्रं भरतो आणि वर काचेसारखा बसतो. खाली पूड राहिली असेल तर तो तिच्यासकट सुटतो, नसली तरी उन्हाने पिवळा पडतो आणि मग चकत्या-चकत्यांनी निघतो, अर्धी गाडी चमकते अर्धी नाही. काढायला अमोनियावाला स्ट्रिपर लागतो, तो ओघळून स्टिकरवर आणि खिडक्यांवर जातो, खिडक्यांचं पुढे काय होतं ते मालवणच्या पत्रात वाचा. गाडी अगदी शेवटच्या वर्षांत असेल, विकायचीही नसेल, तर करा, मी अडवणार नाही. चांगल्या जेलकोटवर मात्र पाप आहे.

आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा दाराच्या हँडलजवळ आणि खालच्या कडेला तिरपं बघा, पापुद्रा सुटायला तिथूनच सुरुवात होते. शंका आली तर कोपऱ्यात थोडा अमोनियावाला क्लीनर लावा, दुधाळ चिकट झालं की समजायचं. वरचे ह्यूस्टनचे वाचक, तुमचं ते "घेताना चकाचक" मला जरा खटकलंच, बफिंगला हात घालायच्या आधी हे करून बघा, पापुद्रा असेल तर कंपाउंड नुसतं चिकटेल.

आमचा ट्रॅव्हलरवर बनवलेला कॅम्पर आहे, पुण्यात. वॉशिंग सेंटरला देतो, ते प्रेशरने मस्त धुतात. हल्ली एका खिडकीखालचं प्लाय फुगलंय आणि आत कुबट वास येतो. बाहेरून सिलिकॉन मारून घेतलं तरी वास आहेच. आणि पेंट पॉलिश करायचाय तो कुठला करू?

पॉलिश राहू दे बाजूला, आधी पाणी. ट्रॅव्हलरची कंपनीची बॉडी पत्र्याची, ती प्रेशर सोसते. पण तुमच्या खिडक्या, फ्रिजच्या जाळ्या, छतावरचा पंखा हे बनवणाऱ्याने नंतर पत्रा कापून बसवलेलं असतं, आणि प्रत्येक कापाभोवती फक्त फट बुजवायचा सीलंट असतो. वॉशिंगवाला पोरगा चिखल काढायच्या सवयीने नोझल वीतभर अंतरावर धरतो, तेही खालून वर तिरपं, खिडकीच्या फ्रेममध्ये थेट. पाऊस वरून खाली पडतो, सगळे जोड त्या हिशोबाने केलेले असतात, खालून मारलेलं पाणी बरोबर आत जातं आणि भिंतीतल्या प्लायमध्ये बसतं.

बाहेरून मारलेल्या सिलिकॉनने पाणी आत कोंडलंय उलट. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, पेंटसुद्धा नाही. ते सगळं खरवडून काढावं लागेल, फ्रेम बाहेर, आतलं प्लाय उघडं करून कोरडं होऊ द्यायचं, मऊ झालं असेल तेवढं बदलायचं, मग फ्रेमखाली ब्युटाइल टेप (रबरी चिकटपट्टी) आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट. फ्रेम काढलीच आहे तर पत्र्याची कापलेली कड बघा. तिथे गंज धरला असेल तर घासून प्रायमर मारून घ्या, पेंटला बाहेरून बारीक फोड दिसत असतील तर ते पॉलिशने जात नाहीत, आतून गंज आलाय.

पुढच्या वेळी सेंटरवर स्वतः उभं राहायचं. पसरट फवाऱ्याचं नोझल, निदान दोन-तीन फूट लांब, खिडक्या-जाळ्यांवर गन नाहीच, तिथे बादली आणि मऊ ब्रश. आणि शेवटी ते डिझेल मारतात ना खालून, "चमक येते साहेब" म्हणून, ते स्पष्ट नाही म्हणायचं, डिझेलने रबराची सीलं फुगतात आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच. रॉकेलच्या फडक्याचंही तेच. राहता राहिला पेंट, तो साधा गाडीचा पेंट आहे, गाडीचं बारीक पॉलिश आणि वॅक्स पुरे, ह्यूस्टनवाल्यांचं खरखरीत कंपाउंड तुमच्यासाठी नाही.

दादा, आम्ही मालवणचे. कॅम्पर वाडीत आंब्याखाली उभा असतो. मागवलेल्या इम्पोर्टेड खिडक्या धूसर झाल्यात, आत बारीक रेषांचं जाळं दिसतं. काच पुसायच्या निळ्या स्प्रेनेच पुसतो रोज. पावसात ताडपत्री घालतो.

रोज पुसता तिथेच घात झाला. त्या खिडक्या काच नाहीत, ॲक्रिलिक आहेत, दुहेरी, वजनाला हलक्या म्हणून कॅम्परला लावतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला स्प्रे ॲक्रिलिकला आतून चिरा पाडतो, ते जाळं म्हणजे त्याच चिरा. वरवरचे ओरखडे असतील तर ॲक्रिलिकच्या पॉलिशने हाताने घासून बरेच जातात. आतलं जाळं जात नाही, खिडकी बदलायची किंवा तसंच राहायचं. यापुढे आधी भरपूर पाणी ओतायचं, वाळू-धूळ वाहून जाऊ दे, मग शाम्पूचं पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबर. कोरडं फडकं तर कधीच नाही, लाल धूळ म्हणजे पॉलिश पेपरच तो.

आंब्याखालून गाडी हलवा ही विनंती. चीक कातडी भाजतो तो पेंटला काय सोडणार, वर पक्ष्यांची शीट, तीही आम्लधर्मी, उन्हात वाळली की डाग पेंटमध्ये उतरतो. दिसलं की ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवायचं, मऊ झालं की उचलायचं, घासायचं नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुणं, चाकांच्या कमानी आणि खालची बाजूसुद्धा. ताडपत्री नको. वाऱ्याने फडफडते आणि कडांवरचं पॉलिश घासून काढते, आत दमट हवा कोंडते आणि शेवाळ धरतं. पत्र्याची शेड घाला, वरून बंद, बाजूंनी मोकळी.

न्यू जर्सी. गाडी धुतली की चार दिवसांत खिडक्यांच्या खाली काळे ओघळ. काय वापरू?

शिडी वापरा. ओघळ छतावरून येतात, तुम्ही भिंत धूत बसलात तर आयुष्यभर धुवाल. तुमचं छत बहुतेक ईपीडीएम रबराचं असेल, ते जुनं झालं की त्याचीही पूड होते आणि धुळीत मिसळून पावसाबरोबर खाली येते. छत मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासायचं, पेट्रोलियमचा किंवा संत्र्याच्या तेलाचा क्लीनर रबरावर चालत नाही. पन्हळीच्या टोकाला प्लास्टिकची लांब चोच मिळते ती लावा, पाणी भिंतीपासून दूर पडेल. छतावर जाताना दुसरं माणूस खाली पाहिजेच, ओलं रबर भयंकर घसरतं आणि उंची दहा-अकरा फूट आहे.

नाशिक. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके निघत नाहीत.

क्षार आहेत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, थंड पॅनलवर फडक्याने मिनिटभर, मग भरपूर पाणी, नंतर परत वॅक्स कारण तेही थोडं निघतं. शेवटचं पाणी पावसाचं साठवलेलं मिळालं तर उत्तम, नाहीतर वाळायच्या आत पुसून घ्या.

जुने रंगीत पट्टे फाटलेत, काढले तर चमक सारखी होईल का?

पट्टे हेअर ड्रायरने किंवा हीट गनने हलकं गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने निघतात, गोंद गोंद-रिमूव्हरने. पण खाली उन्हाने न उडालेला रंग असतो, त्यामुळे पट्ट्याची सावली दिसत राहते. कंपाउंडने आजूबाजूचा रंग थोडा जवळ येतो, गडद रंगावर पूर्ण जात नाही. त्याच जागी त्याच मापाचे किंवा जरा रुंद नवे पट्टे कापून लावा, कोणाला कळतही नाही. आणि नवे लावायच्या जागेवर वॅक्स लावून ठेवू नका, चिकटणार नाहीत.