प्रॉग रॉकचं माहेर कोणतं?

प्रोग्रेसिव्ह रॉक किंवा थोडक्यात प्रॉग, म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचे ताल आणि ऑर्केस्ट्राची हौस असलेलं रॉक. या संगीताबद्दल आलेल्या पत्रांमधले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मित्रांमध्ये वाद पेटलाय. एक म्हणतो इंग्लंड, दुसरा स्वीडन, तिसरा अमेरिका. सर्वांत चांगले प्रॉग बँड नेमके कुठल्या देशाने दिले? (पुणे)

१९६९ ते १९७४ एवढाच काळ धरला, तर इंग्लंडच्या जवळपास कुणी येत नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला. पुढच्या पाच वर्षांत येस, जेनेसिस, एमर्सन लेक अँड पामर, जेथ्रो टल, जेंटल जायंट, व्हॅन डर ग्राफ जनरेटर आणि कँटरबरीकडचे सॉफ्ट मशीन व कॅराव्हॅन असे बँड एकाच छोट्या देशात एकाच वेळी भराला आले. याची कारणं रोकडी आहेत. शाळा आणि चर्चमधून ऑर्गन नि समूहगान पोरांच्या कानावर पडलेलं होतं. जेनेसिस तर चार्टरहाउस या शाळेतच जमला. कॉलेजांमध्ये वर्षभर कार्यक्रम मिळत, आणि बसून ऐकणारा श्रोता तिथेच होता. शिवाय १९६९ मध्ये फिलिप्सने व्हर्टिगो आणि ईएमआयने हार्वेस्ट असे खास लेबल काढले. त्यांच्याकडून लांब रचना ध्वनिमुद्रित करायला पैसा आणि स्टुडिओचे तास मिळाले. यातलं एक कलम जरी कमी पडलं असतं, तरी ही यादी निम्मी झाली असती.

पण ‘इंग्लंडनंतर कोण?’ असं विचाराल, तर आमचं उत्तर बिनदिक्कत इटली. अमेरिकेकडे कॅन्सस आहे, पुढे १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात सुरू झालेला ड्रीम थिएटर आहे. कॅनडात रश आणि क्वेबेकचा हार्मोनियम आहे. हे बँड मोठेच. इटलीत मात्र दोन-तीन वर्षांत एक अख्खी शाखा उभी राहिली आणि ती इंग्लंडची नक्कल राहिली नाही. एकाच देशाचे दहा अल्बम ओळीने ऐकावेत आणि कंटाळा येऊ नये, असा दुसरा देश इटलीच.

स्वीडनवाल्या मित्राचा मुद्दाही खोटा नाही, फक्त त्याचा काळ वेगळा. नव्वदच्या दशकात हा प्रकार संपल्यात जमा होता, तेव्हा एंग्लागार्डचा ‘हिब्रिस’ (१९९२) आणि अनेकडोटेनचा ‘वेमोड’ (१९९३) या दोन अल्बमांनी मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा जुना की-बोर्ड) पुन्हा बाहेर काढला. मागून फ्लॉवर किंग्ज, पेन ऑफ साल्व्हेशन, ओपेथ. मुंबईपेक्षा कमी लोकसंख्येच्या देशाला हे जमलं, कारण तिथे नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत. मुलांना अगदी कमी खर्चात वाद्य शिकायला मिळतं, आणि बँड जमला की लोकशिक्षण संस्थांकडून सरावाची खोली नि थोडं अनुदानही मिळू शकतं. आज नव्याने ऐकायला सुरुवात करत असाल, तर स्वीडनपासून करायलाही हरकत नाही.

फ्रान्सचं नाव वादात आलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. मॅग्मा या बँडच्या क्रिस्तियाँ वांदेने स्वतःची कोबायान भाषा रचली आणि बहुतेक गाणं त्याच भाषेत केलं. त्यातून ‘झॉइल’ नावाचा उपप्रकार निघाला आणि तो जपानपर्यंत पोहोचला.

प्रश्न : इटालियन बँड ऐकायचे आहेत, पण भाषा येत नाही. इंग्रजी आवृत्त्या आहेत म्हणे. त्या घ्याव्यात का? (कोल्हापूर)

नको, आधी इटालियनच ऐका. इटालियन शब्द बहुतेक स्वरांत संपतात. ‘आ’ किंवा ‘ओ’वर गायक सूर हवा तेवढा लांबवू शकतो, आणि चाली तशाच बांधलेल्या आहेत. त्याच चालीत इंग्रजी शब्द बसवले की ओळीच्या शेवटी व्यंजन येतं आणि सूर तुटतो. आपल्या नाट्यपदाच्या शेवटचा आकार काढून टाकला तर जे होईल, तेच.

सुरुवात प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीपासून करा. नावाचा अर्थ ‘बक्षीस मिळवलेली मार्कोनी बेकरी’. मिलानचा हा बँड सगळे पीएफएम म्हणूनच ओळखतात. १९७२ मध्ये त्यांचे दोन अल्बम आले, ‘स्तोरिया दि उन मिनूतो’ आणि ‘पेर उन आमीको’. पहिल्यातलं ‘इम्प्रेस्सिओनी दि सेत्तेम्ब्रे’ आधी ऐका. कडवं अगदी हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं जातं. ध्रुवपदाची जागा येते तेव्हा गायक थांबतो आणि ती जागा शब्दांऐवजी मूग सिंथेसायझर घेतो. ध्रुवपद वाद्याने गायचं, ही कल्पनाच निराळी होती. १९७३ मध्ये यांचा इंग्रजी अल्बम ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ एमर्सन लेक अँड पामरच्या मँटिकोर लेबलवर निघाला. त्याचे इंग्रजी शब्द किंग क्रिमसनच्या पीट सिनफील्डने नव्याने लिहिलेले आहेत, भाषांतर नव्हे. त्यामुळे इंग्रजी ऐकून मूळ गाण्याचा अर्थ कळला, असं समजू नका.

मग बांको देल मूतुओ सोकोर्सो. आपल्या भाषेत ‘परस्पर साहाय्य पतपेढी’. १९७२ च्या पहिल्या अल्बमचं कव्हर मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं होतं. रोमच्या या बँडमध्ये नोचेंझी हे दोघे भाऊ दोन वेगळ्या की-बोर्डांवर असत, एक ऑर्गनवर नि दुसरा पियानोवर. हेडफोन लावून ऐकलंत तर दोघांचा सवाल-जवाब स्पष्ट कळतो. वर फ्रांचेस्को दि जाकोमोचा ऑपेराच्या वळणाचा भरदार आवाज. त्याच वर्षीचा ‘दार्विन!’ हा त्यांचा दुसरा अल्बम चुकवू नका.

तिसरा ले ओर्मेचा ‘फेलोना ए सोरोना’ (१९७३). की-बोर्ड, बास, ड्रम, एवढे तिघेच. एक उजेडातला आणि एक अंधारातला, अशा दोन ग्रहांची ही गोष्ट अर्ध्या तासाहून थोडी मोठी आहे. चौथा आरेआ, पण तो शेवटी. त्यात बाल्कन लोकतालांवर जॅझ आणि त्यावर देमेत्रिओ स्त्रातोसचा आवाज आहे. आरेआनेच सुरुवात केली तर माणूस बिचकतो.

इटलीतल्या श्रोत्याचा कानही तयार होता. व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा ‘पॉन हार्ट्स’ मायदेशात फारसा चालला नाही, पण १९७२ मध्ये इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. मग हे सगळं आटलं का? १९७५ च्या सुमारास तिथे ‘संगीत फुकट हवं’ म्हणून कार्यक्रमांची फाटकं तोडण्याचे प्रकार वाढले. पोलीस, अश्रुधूर, रद्द झालेले दौरे, अशा वातावरणात परदेशी बँड यायचे थांबले आणि स्थानिक बँडांचेही मोठे कार्यक्रम कमी झाले.

प्रश्न : मी तबला शिकते. या गाण्यांच्या मात्रा मोजायला जाते आणि दर आवर्तनात चुकते. कशा मोजायच्या? (सांगली)

तुमची पूर्वतयारी रॉक ऐकणाऱ्या बहुतेकांपेक्षा चांगली आहे. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. शेवटी एक मात्रा जास्त धरली जाते, कारण कान केरव्याच्या आठ मात्रांना सरावलेला असतो.

पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’पासून (१९७३) सुरुवात करा. सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची खटखट ऐकू येते ना? ते सात आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून, टेपचे तुकडे मोजपट्टीने मोजून, एकाला एक चिकटवून गोल फिरवले आहेत. म्हणजे ठेका तिथेच दिलेला आहे, सात मात्रांचा. रूपक तालाच्याही सातच, पण एक फरक लक्षात ठेवा. रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (टाळीऐवजी हात हलवायची जागा) येते, इथे पहिल्या मात्रेवर पूर्ण वजन आहे. तेव्हा ‘ती ती ना’ म्हणत हात हलवू नका, पहिलीवर जोरात टाळी द्या. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे. गिटारचा सोलो सुरू झाला की ताल चार मात्रांचा होतो, आणि तो संपल्यावर पुन्हा सात. तुम्ही तिथे चुकत असाल, तर दोष तुमचा नाही.

दुसरा धडा रशच्या ‘वाय वाय झेड’ या वाद्यरचनेचा (१९८१). टोरांटो विमानतळाची ही तीन अक्षरं मोर्स कोडमध्ये वाजवली आहेत, सुरुवातीला छोट्या घंटीसारख्या क्रोटेल्सवर. लांब ठोक्याला दोन आणि आखूड ठोक्याला एक धरा. ‘वाय’ म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब : दोन, एक, दोन, दोन, झाले सात. पुन्हा ‘वाय’, पुन्हा सात. ‘झेड’ म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड : दोन, दोन, एक, एक, झाले सहा. एकूण वीस. पाच मात्रा धरून प्रत्येक मात्रेत चार, म्हणजे चौगुनीत, हे आवर्तन बरोबर बसतं. गंमत अशी की दुसरा ‘वाय’ दुसऱ्या मात्रेच्या शेवटच्या पावावर सुरू होतो आणि ‘झेड’ चौथ्या मात्रेच्या मध्यावर. हाताने पाच टाळ्या आणि तोंडाने मोर्स, असं संथ लयीत दहा वेळा करा. टाळी न हलता आवर्तन पुरं झालं, तरच लय वाढवा.

हे दोन्ही पक्के झाल्यावर जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’मधला नऊ मात्रांचा भाग घ्या. बास आणि ड्रम ३-२-४ असा ठेका धरून बसतात आणि ऑर्गन त्यांची पर्वा न करता वर फिरतो. लेहरा (आवर्तन धरून ठेवणारी चाल) आणि सोलो यांचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे. ऑर्गनच्या मागे जाऊ नका, ठेका धरून राहा.

प्रश्न : जुन्या अल्बमांतला मेलोट्रॉनचा आवाज लॅपटॉपवर वाजवतो, पण तो खोटा वाटतो. काय चुकतंय? (नाशिक)

बहुधा तुम्ही सूर फार वेळ धरता. मेलोट्रॉन हे बर्मिंगहॅमकडे बनलेलं यंत्र. की-बोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्याच्यावर व्हायोलिन, बासरी किंवा समूहगानाचा एकच सूर खरोखर वाजवून ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप हेडवरून ओढली जाते, सुमारे आठ सेकंदांत संपते आणि सोडली की स्प्रिंगने मागे जाते. म्हणून लांब स्वरसमूह हवा असेल, तर वादक सगळी बोटं एकदम उचलत नसे. एकेक सूर सोडून पुन्हा धरत असे. तुम्हीही तसंच करा. सॉफ्टवेअरमधलं लूपिंग (तोच सूर आपोआप पुन्हा पुन्हा फिरवणं) बंद करा. एम-४०० या मॉडेलला ३५ पट्ट्याच होत्या, त्या टप्प्याबाहेर जाऊ नका. चार-पाच सूर एकत्र दाबले की मोटरवर भार येऊन सूर किंचित उतरायचे, तेव्हा दोन-तीन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) डळमळीतपणा मुद्दाम ठेवा. आणि टाइमिंग क्वांटाइझ करून सरळ करू नका. टेपला सुरू व्हायला क्षणभर लागतोच.

प्रश्न : जेनेसिसच्या ‘फॉक्सट्रॉट’ची जुनी एलपी मिळाली. रेकॉर्ड स्वच्छ दिसते, पण ‘सपर्स रेडी’चा शेवट फाटल्यासारखा येतो. रेकॉर्ड खराब आहे का? (ठाणे)

असेलच असं नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे सारख्याच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. वरच्या पट्टीचे सूर तिथे आधी बिघडतात. त्यात या बाजूवर ‘होरायझन्स’ आणि ‘सपर्स रेडी’ मिळून चोवीस मिनिटांच्या वर भरलेले आहेत. एका बाजूला अठरा ते बावीस मिनिटं बरी, त्यापुढे खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि आवाज बारीक ठेवावा लागतो. नेमका रचनेतला सर्वांत भव्य भाग सर्वांत आतल्या खाचांत आला आहे.

आधी सुई तपासा. कार्ट्रिजबरोबर (सुई बसवलेला भाग) येणारा कोनमापक तक्ता प्लेअरवर ठेवून आतल्या खुणेवर सुई सरळ बसते का, ते पाहा. बहुतेक वेळा ती तिरकी असते. सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला असेल तोच ठेवा. रेकॉर्ड वाचवायची म्हणून तो कमी केला, तर सुई खाचेत उडते आणि जास्त नुकसान करते. गोल टोकाची सुई असेल, तर लंबगोल टोकाची घेऊन बघा, फरक लगेच कळेल. एवढं करूनही फाटत असेल, तर पूर्वीच्या कुणीतरी जड सुईने त्या खाचा झिजवलेल्या आहेत आणि त्या धुऊन सुधारणार नाहीत. शेवटच्या भागासाठी सीडी वापरा.