भाव चढलेला असताना तबेल्यातील म्हशी विकाव्यात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : जोगेश्वरीच्या तबेल्यात चाळीसच्या आसपास म्हशी आणि काही संकरित गाई आहेत, यंदा दुभत्या जनावराला चांगलाच भाव आला आहे, एक दलाल सगळी जनावरे सरसकट एका भावाने उचलायला तयार आहे आणि घरातील मोठी माणसे ही संधी सोडू नये असे म्हणत आहेत. गोरेगावला आमच्या घरच्या तबेल्याचा हिशेब मी सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. माझे मत आधीच सांगतो. धंदा कायमचा बंद करायचा असेल तर आत्ताचा भाव जरूर घ्यावा; पण तबेला चालू ठेवायचा असेल तर सरसकट सौदा करू नये, ज्या म्हशी निघायलाच हव्यात त्या निवडून या भावात काढाव्यात.

याचे कारण मुंबईच्या धंद्याच्या रीतीत आहे. गावाकडचा शेतकरी घरची पारडी वाढवून तिची म्हैस करतो. आपण मात्र हरियाणातून ताजी व्यालेली मुऱ्हा किंवा गुजरातेतून जाफराबादी, मेहसाणा या जातींची म्हैस विकत आणतो, तिचे वेत (म्हणजे व्यायल्यापासून आटेपर्यंतचा दुधाचा काळ) काढतो आणि ती आटली की खुंट्यावर दुसरी आणतो. म्हणजे ज्या बाजारात आपण विक्रेते असतो, त्याच बाजारात थोड्याच दिवसांत आपण खरेदीदार असतो. आज आपली म्हैस महाग गेली तर तिच्या जागी येणारीही महागच येणार, आणि वर ट्रकचे भाडे, दलाली, प्रवासाचा ताण, नव्या पाण्याला आणि नव्या हाताला सरावेपर्यंत घटलेले दूध हा सगळा खर्च आपल्याच माथी पडणार. भाव चढला म्हणून विकून पुन्हा भरणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच उरत नाही.

भाव का चढला आहे, हेही पाहावे. म्हशी बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळे उन्हाळ्यात ताज्या म्हशी कमी मिळतात आणि दुभत्या जनावराचा भाव दरवर्षीच वर जातो. नवी वेते सुरू झाली की तो उतरतो. ही चढ हंगामापुरती असते. बाजारात जनावरच कमी झाल्यामुळे आलेली तेजी मात्र निराळी, कारण म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा असतो आणि पारडी पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षे लागतात, म्हणून तुटवडा एका वर्षात भरून निघत नाही. पुढे तेजीत राखून ठेवलेल्या पारड्या एकदम दुधावर आल्या की भाव पडतो आणि मग बराच काळ पडलेलाच राहतो. आपल्याकडची तेजी पहिल्या प्रकारची असेल तर घाईचे कारण नाही, आणि दुसऱ्या प्रकारची असेल तरी पुढच्या आठवड्यात संपणार नाही. विचार करायला आपल्याला वेळ आहे, मग दलाल काहीही म्हणो.

आता प्रत्यक्ष एका म्हशीचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. त्या जागी आपण आपले घालावेत. तिसऱ्या वेताची मुऱ्हा व्यायल्याला पाच महिने झाले आहेत, आज दहा लिटर देते आणि दलाल 1,10,000 रुपये देतो आहे. पुढचे पाच महिने ती सरासरी सात लिटर देईल असे धरले तर 150 दिवसांत 1,050 लिटर दूध मिळेल आणि 80 रुपये लिटरने त्याचे 84,000 रुपये येतील. पेंड, चुणी, पेंढा, हिरवा चारा, मजुरी, पाणी आणि औषध मिळून रोजचे 450 रुपये धरले तर 67,500 रुपये खर्च होईल आणि हातात 16,500 रुपये राहतील. ती गाभण नसेल तर आटल्यावर भाकड म्हणून समजा 60,000 रुपयांना जाईल, म्हणजे ठेवून एकूण 76,500 रुपये मिळाले; अशी म्हैस आज 1,10,000 रुपयांना जात असेल तर द्यावी. पण तीच आज अडीच महिन्यांची गाभण असेल, तर पाच महिन्यांनी ती साडेसात महिन्यांची गाभण असेल आणि 1,05,000 रुपयांची असेल. दुधाचे उरलेले पैसे धरून 1,21,500 रुपये होतात. तिची पुढची किंमत 93,500 रुपयांपर्यंत उतरली तरी आपला तोटा नाही. खुंटा तोच, दूध तेवढेच, तरीही एका गर्भतपासणीने निर्णय उलटा झाला. म्हणूनच सरसकट भावाला माझा विरोध आहे : त्या सौद्यात आपल्या गाभण म्हशी रिकाम्या म्हशींच्या भावाने जातात आणि तो फरक दलालाच्या खिशात पडतो.

तेव्हा आधी पशुवैद्यकांना बोलावून एकूण एक म्हशीची गर्भतपासणी करून घ्यावी. तपासणीच्याच दिवशी कासही पाहावी. सकाळी धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घेतल्या की दुधातल्या बारीक गुठळ्या लगेच दिसतात आणि कोणत्या म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, धरते आहे ते कळते. तीन सडांची, वारंवार दगडी होणारी, चार-चार वेळा भरवूनही उलटणारी (गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी), खुरांनी अधू झालेली, या म्हशी मंदीत कोणी विचारत नाही. तेजीत मात्र त्यांनाही गिऱ्हाईक असते. चढत्या भावाचा खरा फायदा असतो तो इथे. दोष मात्र घेणाऱ्याला सांगूनच विकावे. पुढच्या माणसाचाही संसार त्याच जनावरावर चाललेला असतो.

गाईंचा विचार वेगळा आणि अधिक तातडीचा आहे. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती 2015 मध्ये लागू झाल्यापासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे. म्हैस या बंदीत येत नाही. त्यामुळे भाकड म्हशीला तळाचा का होईना भाव असतो, भाकड गाईला मात्र तो जवळजवळ उरत नाही आणि तिला आयुष्यभर पोसण्याची जबाबदारी आपली असते. मुंबईच्या जागेत ते परवडत नाही. ज्या गाई ठेवायच्या नसतील त्या दुधावर असतानाच, शक्यतो गाभण करून, पालघर किंवा ठाणे जिल्ह्यातील चारा-पाणी असलेल्या शेतकऱ्याला द्याव्यात.

आता जनावरांपेक्षाही मोलाच्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे परवाना. शहरात गुरे पाळण्यासाठी 1976 च्याच, पण शहरी भागातील गुरे पाळण्याविषयीच्या वेगळ्या कायद्यानुसार परवाना लागतो. तबेला रिकामा राहिला तर तो पुढे चालू राहील का, हे संबंधित कार्यालयातून लेखी विचारून घेतल्याशिवाय शेवटची म्हैस बाहेर काढू नये. दुसरी म्हणजे रतीब, रोजचे बांधलेले गिऱ्हाईक. सुट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक भाव मुंबईत 1 मार्च 2023 पासून लिटरला 80 चा 85 रुपये झाला, तरी वर्षानुवर्षे ते घेणारी कुटुंबे आणि मिठाईवाले टिकून राहिले, कारण त्यांना पहाटेच्या ताज्या दुधाची सवय आहे. दोन महिने दूध बंद झाले की ही माणसे पिशवीकडे वळतात आणि मग म्हशी परत आणता आल्या तरी गिऱ्हाईक परत आणता येत नाही. घरच्या मंडळींच्या हिशेबात ही किंमत धरलेली नसावी, असे आपल्या प्रश्नावरून वाटते.

कराकडेही पाहावे लागेल. दुग्धव्यवसायाचे उत्पन्न आयकरात शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे सगळी विक्री एकाच आर्थिक वर्षात घेण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारावे. म्हशींवर बँकेचे कर्ज असेल तर त्या तारण असतात. बँकेचे ना हरकत पत्र आधी घ्यावे आणि कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या नोंदीवर मालकाचे नाव बदलून द्यावे.

अखेरीस विकायचेच ठरले तर दलालाला खुंट्यागणिक, म्हणजे एकेका म्हशीचा वेगळा, भाव सांगायला लावावा, गाभण म्हशींचे दाखले समोर ठेवावेत आणि आणखी दोन व्यापाऱ्यांना त्याच आठवड्यात तबेल्यावर बोलवावे. अर्धे आता आणि अर्धे पुढच्या फेरीला, ही बोली कितीही जुन्या ओळखीच्या माणसाने केली तरी मान्य करू नये. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच म्हशी ट्रकमध्ये चढवाव्यात.