‘शिबुई’ म्हणजे तक्रार की दाद?

प्रश्न : दिंडोरी परिसरातील एका वाइनरीत पाहुण्यांना वाइनची चव देण्याचे काम मी करतो आणि संध्याकाळी नाशिकमध्ये जपानीच्या वर्गाला जातो. एका जपानी पाहुण्यांनी रेड वाइनचा घोट घेऊन ‘शिबुई’ एवढेच म्हटले. पुस्तकात या विशेषणाचा अर्थ ‘तुरट’ असा दिला आहे. परंतु जपानी मालिकांत एखाद्या प्रौढ नटाला किंवा त्याच्या कोटालाही कौतुकाने ‘शिबुई’ म्हटलेले मी ऐकले आहे. मग त्या पाहुण्यांना वाइन आवडली, असे समजावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. तोंडात असलेल्या पदार्थाविषयी बोलताना ‘शिबुई’चा अर्थ तुरट एवढाच असतो आणि त्या तुरटपणाला दाद आहे की नाही, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. ‘चोत्तो शिबुई देसु ने’, म्हणजे ‘थोडी तुरट आहे, नाही का’, असे कोणी म्हटले, तर ती बहुधा सौम्य शब्दांतली नापसंती समजावी. वाइनच्या तुरटपणाचे गुण म्हणून वर्णन करायचे असेल, तर जपानी माणूस ‘शिबुमी’ हे नाम वापरतो; ‘कोकोचियोइ शिबुमी’ म्हणजे सुखद तुरटपणा. त्याच पाहुण्यांनी बाटलीवरचे लेबल न्याहाळून ‘शिबुई’ म्हटले असते, तर मात्र आपण खुशाल आनंद मानायला हरकत नव्हती.

या चवीचे मूळ टॅनिनमध्ये आहे. द्राक्षाच्या साली आणि बिया यांतले टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटू लागते. रेड वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून ती व्हाइट वाइनपेक्षा अधिक तुरट असते. जपानी माणसाला मात्र ‘शिबुई’ म्हटल्यावर आधी आठवते ते ‘काकी’ हे फळ, आपल्या टेंभुर्णीचे भाऊबंद. त्याचे तुरट वाण कच्चे खाववत नाहीत. सोलून, टांगून वाळवले की टॅनिन अविद्राव्य होते, ते लाळेत उतरत नाही आणि फळ गोड लागते. कच्च्या काकीचा रस आंबवून केलेले ‘काकिशिबु’ पूर्वीपासून कागदाला, कापडाला आणि लाकडाला लावतात; त्याचा तपकिरी रंग काळानुसार गडद होत जातो. भडकपणा नसलेले, मुरलेले, पाहता पाहता आवडू लागणारे ते ‘शिबुई’, हा अर्थ समजून घेताना तो रंग डोळ्यांसमोर ठेवावा. संस्कृतातही ‘कषाय’ ही तुरट चव आहे आणि तांबूस रंगही. बौद्ध भिक्षूंच्या काषाय वस्त्राचे नाव चीनमार्गे जपानीत जाऊन ‘केसा’ झाले.

आवाज, रंग, पोशाख, भांडी आणि वयाने पिकलेला पुरुष यांना ‘शिबुई’ म्हणणे ही स्तुती होय. ‘शिबुई काओ’ म्हणजे मात्र नाराजीचा चेहरा, आणि पैशाच्या बाबतीत ‘शिबुई’ म्हणजे कंजूष. (आपल्याकडे असा माणूस चिकट असतो किंवा थेट चिक्कू, कच्चा चिक्कू खाल्लेल्यांना दोन्ही भाषांचे एकमत पटेल.)

चवींची गल्लत टाळावी. कारले ‘निगाई’, म्हणजे कडू. सुपारी आणि कच्चे केळे ‘शिबुई’. आवळा ‘सुप्पाई’, म्हणजे आंबट, आणि शिबुईसुद्धा. घसा खवखवणारे सुरण ‘एगुई’. आपण ग्रीन टीलाही सरसकट कडू म्हणतो, परंतु त्यातले कॅफीन कडू असते आणि कॅटेचिन तुरट. कॅटेचिन कढत पाण्यात अधिक उतरते, म्हणून सेंचा हा चहा बहुधा 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात करतात.

व्याकरणात एक फरक ध्यानात ठेवावा. मराठीत काळ ‘आहे’ आणि ‘होती’ दाखवतात, ‘तुरट’ जागचे हलत नाही. जपानीत विशेषणच बदलते. तुरट नाही म्हणजे ‘शिबुकुनाई’, तुरट होती म्हणजे ‘शिबुकात्ता’. पुढच्या वेळी असा शेरा आला, तर ‘शिबुसुगिमासु का’, म्हणजे ‘फार तुरट आहे का’, असे विचारावे आणि होकार आल्यास कमी टॅनिनची वाइन पुढे करावी.