परसबागेतील मोर आणि माकडे

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याशी आम्ही यंदा प्रथमच परसबाग केली, परंतु मेथीचे कोंब मोर खुडतात आणि टोमॅटो माकडे नेतात. उपाय सुचवावा.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोर बियाणे व कोवळे कोंब टिपतो, म्हणून रोपे वीतभर होईपर्यंत वाफ्यावर बांबूच्या कमानी रोवून जाळी ताणून बसवावी आणि तिच्या कडा मातीत दाबाव्यात, सैल जाळीत पक्षी व साप अडकतात. माकडांपुढे जाळी फारशी टिकत नाही, आणि बुजगावण्याला तर ती चार दिवसांत ओळखतात. त्यांच्या वाटेवर हळद, आले, मिरची अशी त्यांना सहसा न रुचणारी पिके घ्यावीत, टोमॅटो रंग धरताच उतरवून घरात पिकवावेत. विषाचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मोर मारणे गुन्हा आहे.