अपार्टहेट, वर्णभेद आणि हेर्टसोखचा काळ

प्रश्न असा आहे: दोन महायुद्धांमधल्या दक्षिण आफ्रिकेवरच्या लेखाचा अनुवाद करताना 'सेग्रिगेशन'ला, म्हणजे वंशानुसार माणसांना वेगळं ठेवण्याच्या धोरणाला, 'वर्णभेद' म्हणावं का? आणि 'अपार्थाइड' हा उच्चार बरोबर आहे का?

उच्चारापासून सुरुवात करतो, कारण अर्थ तिथेच उलगडतो. शब्द आफ्रिकान्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डचमधून घडलेल्या भाषेतला आहे: 'अपार्ट' म्हणजे वेगळं आणि '-हेट' हा आपल्या '-पण'सारखा प्रत्यय. मध्ये 'थ' नाहीच, ट आणि ह शेजारी आलेत, आणि लिहिताना शेवटी येणाऱ्या ड चा उच्चार ट होतो. म्हणून 'अपार्टहेट'. शब्दशः 'वेगळेपण'. पण मराठीत वेगळेपण हा गुण आहे, एखाद्या कवितेचं आपण कौतुकाने सांगतो तो. तो शब्द इथे चालणार नाही.

आता काळ. १९२४ ते १९३९ पंतप्रधान असलेल्या हेर्टसोख यांच्या धोरणाचं नाव 'सेग्रिगेशन' होतं. १९३६ साली केप प्रांतातल्या कृष्णवर्णीय मतदारांना सामाईक यादीतून काढलं गेलं आणि देशातली सुमारे १३ टक्केच जमीन कृष्णवर्णीयांसाठी ठरली, तेव्हाही राज्यकारभारातला शब्द तोच. 'अपार्टहेट' १९२९ साली क्रोनस्टाडच्या एका चर्च परिषदेत, मिशनकार्याच्या चर्चेत वापरला गेला. राजकीय घोषणा म्हणून तो गाजला १९४८च्या निवडणुकीत, राष्ट्रवादी नेते मलान यांच्या पक्षामुळे. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा १९२५ साली मिळाला होता. स्वभाषेचा अभिमान हा ज्या गोऱ्या आफ्रिकान्सभाषकांच्या राष्ट्रवादाचा कणा, त्याला आपल्या मातीतला शब्द इंग्रजी शब्दापेक्षा जवळचा वाटला यात नवल नाही.

म्हणून १९३६च्या कायद्याला 'अपार्टहेटचा कायदा' म्हणणं कालविपर्यास ठरेल. 'वर्णद्वेष' म्हणजे मनातली भावना. कायद्याने, जमिनीच्या नकाशाने माणसं तोडणं त्यात मावत नाही. 'वर्णभेद' रुळलाय आणि ढोबळ अर्थाने चालेल, पण मराठी वाचकाला 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्यही आठवतं. 'पृथक्करण' घेऊ नका, आपण रसायनांचं पृथक्करण करतो.

मी 'वंशविलगीकरण' लिहीन. विलगीकरणाला साथरोगाचा वास आहे खरा, पण १९२९च्या निवडणुकीत हेर्टसोख यांच्या राष्ट्रवाद्यांनी 'स्वार्ट खेफार', म्हणजे 'काळं संकट', अशी हाकाटी करून मतं मागितली होती. माणसांकडे साथीसारखं पाहणाऱ्या धोरणाला तो शब्द मला योग्यच वाटतो. 'अपार्टहेट' मात्र १९४८नंतरच्या राजवटीसाठी राखून ठेवा.