केळवणाला जायची भीती

"मॅडम, लग्नाची भीती नाही वाटत. केळवणांची वाटते." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तो म्हणाला. वय 27, गाव लातूर जिल्ह्यातलं, नोकरी हिंजवडीत. होणारी बायको नारायण पेठेतली. लग्न वैशाखात होतं आणि चैत्र लागल्यापासून तिच्या मावश्या-आत्यांनी दोघांना जेवायला बोलवायचा धडाका लावला होता. दोन केळवणं त्याने पोट बिघडल्याचं सांगून टाळली होती. तिसऱ्यांदा काय सांगायचं ते सुचेना, तेव्हा तो माझ्याकडे आला. (त्याची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.)

लोकांच्या घरी जेवताना फार अवघडायला होतं, ही तक्रार माझ्याकडे नव्या सुना आणतात, होणारे जावई आणतात, पुण्यात पहिल्यांदाच शिकायला आलेली मुलं आणतात. सांगताना सगळेच ओशाळतात, हीसुद्धा काय अडचण म्हणून. मला ती खरी अडचण वाटते. आपल्याकडे नाती जेवताना जुळतात. पंगतीला बसायचाच धसका असेल तर माणूस हळूहळू एकटा पडतो.

मी त्याला सासुरवाडीचं पहिलं जेवण अगदी सुरुवातीपासून सांगायला लावलं. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये वरणभाताची मूद, वर तूप. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "पोळी वाढू?" तो म्हणाला, "नको काकू." काकू पुढे गेल्या.

त्याच्या गावी पाहुण्याचं पहिलं "नको" कुणी ऐकूनच घेत नाही. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा, वाढणारीने तो हात बाजूला सारून वाढायचं, मग त्याने "बास, बास" म्हणत खायचं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरा ठरतो. नारायण पेठेतल्या त्या घरात एकदा विचारतात आणि नको म्हटलं की थांबतात. माणसाच्या शब्दाचा मान ठेवावा, पोटावर जबरदस्ती करू नये, असं त्या घरचं वळण. दोघंही अदबीनेच वागत होते आणि मुलगा मात्र दीड पोळीवर उठला. अप्पा बळवंत चौकात येऊन त्याने दोन वडापाव खाल्ले. तिकडे काकूंनी लेकीला विचारलं, "आपल्याकडचं जेवण त्याला आवडत नाही का गं?"

हे कानावर आल्यावर पुढच्या वेळी तो धास्तावूनच गेला. आमटीचा ओघळ बाहीवर आला. जेवण झाल्यावर गावच्या सवयीने त्याने ताटातच हात धुतला. कुणी काही बोललं नाही, पण ती क्षणभराची शांतता त्याच्या डोक्यातून जाईना.

"घाणेरडी सवय आहे का ती?" त्याने खाली बघत विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही. जमिनीवर पंगत बसते तिथे ती रीतच आहे. इथे बेसिन दोन पावलांवर असतं आणि ते ताट दुसऱ्या कुणाला तरी उचलायचं असतं, म्हणून उठून हात धुवायचा. एवढाच बदल. त्यासाठी आईवडिलांच्या संस्कारांची लाज वाटायचं काही कारण नाही. हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता. गावाकडच्या मुलांना या शहरात अशा गोष्टींवरून खजील होताना मी फार पाहिलं आहे.

मग विचारलं, जेवताना तू नेमकं काय काय करतोस? तो चिमणीएवढे घास घेत होता. सांडेल म्हणून आमटी टाळत होता. नजर ताटात, बोलणं बंद, आणि चटकन संपवायची घाई. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात नेमकं हेच आहे: माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं, स्वतःला वाचवायच्या खटपटी तो करत राहतो, आणि त्या खटपटींमुळेच भीती टिकून राहते. समोरच्यांना तर असा माणूस तुटक वाटतो.

"पण सगळे माझ्याकडेच बघतात." त्यावर मी त्याला टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्याला इतरांच्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, निम्म्या जणांनी तरी ते चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम चौथाई लोकांनी.

नुसत्या सांगण्याने भीती जात नाही. आधी कँटीनमध्ये मित्राबरोबर आमटी-भात, मोठे घास घेऊन. नंतर मित्राच्या घरी. एकदा मुद्दाम थोडी आमटी टेबलावर सांडायची आणि कोण काय म्हणतं ते बघायचं. मित्राने बोलता बोलता फडकं पुढे सरकवलं, बस. जेवताना लक्ष कुठे द्यायचं हेही ठरवलं: वाढणाऱ्या माणसाकडे. कुठला पदार्थ त्यांनी मन लावून केलाय? सगळ्यांना वाढून झालंय का? स्वतःच्या हाताकडे बघणारी नजर तिकडे वळली की घाम आपोआप कमी होतो. ज्यांना कुणासमोरही खाताना महिनोन्‌महिने धडधडतं, डबासुद्धा एकट्याने खावा लागतो, त्यांनी मात्र स्वतःच्या हिमतीवर झुंजत न बसता समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं.

राहिलं ते "नको". मी त्याला सांगितलं, पोटाचं खरं सांग. भूक असेल तर पहिल्यांदाच "वाढा", नसेल तर "अर्धी चालेल". एखादी गोष्ट खात नसशील, उपवास असेल, तर आमंत्रण आलं तेव्हाच कळव. ताटात पडल्यावर सांगितलं की करणारीचा जीव कळवळतो. पहिल्यांदा सगळं थोडं थोडं घे, म्हणजे टाकावं लागणार नाही. आणि "छान झालंय सगळं" एवढ्यावर न थांबता काय छान झालंय ते सांग.

केळवणाच्या आदल्या दिवशी त्याने काकूंना फोन करून आपल्याकडची आग्रहाची रीत सांगितली. पंगतीत त्याने दोनदा आमटी मागून घेतली. गुळाची गोडी त्याला आधी परकी वाटली होती, हेही त्याने सांगून टाकलं. काकूंनी तिथल्या तिथे त्याच्या आईला फोन लावून येसराच्या आमटीची कृती विचारली. आई म्हणाली, "सांगते, पण त्याला दोनदा विचारत जा बरं का ताई."

ऑफिसतर्फे बाणेरच्या हॉटेलात होणाऱ्या काट्या-चमच्यांच्या जेवणाची धास्ती अजून आहे. त्यासाठी तो पुढच्या गुरुवारी येतो आहे.