जलसंजीवनी माहीत असते, मग दिली का जात नाही?

जुलाब आणि ओआरएस (म्हणजेच जलसंजीवनी, जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणारं पेय) या विषयावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ओआरएसच्या पाकिटावर 'एक लिटर पाण्यात मिसळा' असं असतं. मूल वाटीभरही पीत नाही, म्हणून मी थोडी पूड पेल्यात घालते. चालेल का? पाकीट नसेल तर मीठ-साखर किती घ्यायची? (वाचक, बीड जिल्हा)

नाही चालणार. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट शाबूत राहते. जलसंजीवनीची सगळी करामत या जोडीच्या प्रमाणात आहे. लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सोडियम सायट्रेट 2.9. अंदाजाने पूड घातली आणि पाणी दाट झालं, तर अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. रक्तातलं सोडियम चढून झटके येण्याचीही भीती असते. फार पातळ झालं तर गेलेलं मीठ भरून येत नाही.

तांब्याच्या मापावर विसंबू नका, दोन घरांतले तांबे सारखे नसतात. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवा, तेच माप. उकळून गार केलेलं पाणी भांड्यात घेऊन अख्खं पाकीट त्यात रिकामं करा. मिसळल्यावर उकळू नका आणि वरून साखर, दूध किंवा रस घालू नका. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. जीवावर येतं, पण पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही असतात. घेताना पाकिटावरचं पाण्याचं माप वाचून घ्या.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला दहा वर्षांपर्यंत 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. अंगावरचं दूध आणि जेवण थांबवायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा 5 मिलीचा, शिगोशीग नको. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ही सोय पाकीट हाती येईपर्यंतचीच.

मूल सुस्त झालं, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. वाटेतही चमच्याने पाजत राहा.

प्रश्न : आमच्या संस्थेने वाडीवाडीत आयांना जलसंजीवनी शिकवली. विचारलं की सगळ्याजणी घडाघडा सांगतात. प्रत्यक्षात मूल आजारी पडलं की वापर नाही. कुठे चुकतंय? (कार्यकर्ती, नंदुरबार)

याच प्रश्नाशी बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने दहा वर्षं झुंज घेतली. 1980 ते 1990 या काळात त्यांच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. पाकिटं पुरवणं शक्य नव्हतं, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं माप बसवलं. कार्यकर्तीचा मोबदला किती घरं केली यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसरीच व्यक्ती त्यातल्या काही घरी जायची, आईकडून पाणी बनवून घ्यायची, मुद्दे विचारायची. आईला जितकं जमलं तितका शिकवणारीला पैसा. बनवलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मिठाचं प्रमाणही पाहिलं जाई.

शिकवणं उत्तम झालं, वापर मात्र सुरुवातीला अगदीच कमी निघाला. शोध घेतल्यावर जे हाती आलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. एक म्हणजे खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी कसं काम करतं ते दाखवलं. दुसरं, पुरुषांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून बाजार, मशीद, शाळा इथे सभा सुरू केल्या. तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथल्या आया जुलाबांचे वेगवेगळे प्रकार मानत आणि हे पाणी फक्त कॉलऱ्यासारख्या जोरदार जुलाबांसाठीच आहे असा त्यांचा समज झाला होता. आपल्याकडे 'दात येताना होतंच' म्हणून सोडून दिलेली शी याच खात्यातली.

तेव्हा 'जलसंजीवनी म्हणजे काय?' हा प्रश्न पाहणीतून काढून टाका, त्याने पाठांतर मोजलं जातं. त्याऐवजी विचारा : गेल्या दोन आठवड्यांत मुलाला एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली होती का? काय काय दिलं? कुठून आणलं? किती पाण्यात घातलं? भांडं दाखवायला सांगा आणि स्वतः मोजा. यंदाचा ऑगस्ट गेल्या डिसेंबरशी ताडून पाहू नका, जुलाबांचा मोसम वेगळा असतो.

झांबियातला एक प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शीतपेयाच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधल्या फटीत मावेल असा ओआरएस आणि झिंक (जस्ताच्या गोळ्या) यांचा संच तयार केला होता. ती युक्ती जगभर गाजली, पण फटीतून प्रवास केलेले संच फारच थोडे निघाले. दुकानदार ते इतर मालाबरोबरच नेत. खरा फायदा झाला तो 200 मिलीच्या पाकिटांचा, आणि संचाचं वेष्टण हेच मापाचं भांडं असण्याचा.

प्रश्न : डॉक्टर मंडळी इतकं स्वस्त औषध सोडून अँटिबायोटिक आणि सलाईनकडे का वळतात? नफा हेच कारण ना? (निवृत्त शिक्षक, सांगली)

थोडं आहे, पण वाटतं तितकं नाही. 2024 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या 253 गावा-शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकांवरचा अभ्यास आला. 'माझ्या दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत' असं सांगणारी प्रशिक्षित माणसं पालक बनून त्यांच्याकडे गेली. काहींनी आपणहून ओआरएसचं नाव काढलं, काहींनी अँटिबायोटिकचं, काही काहीच बोलले नाहीत. काही ठिकाणी औषध आपण दुसरीकडून घेऊ असं सांगून विक्रीतला लाभ बाजूला काढला, तर निम्म्या ठिकाणी ओआरएसचा साठा आधीच पोहोचवला होता.

निकाल असा : पालकाने ओआरएसची पसंती बोलून दाखवली की ते लिहून देण्याचं प्रमाण दर शंभरांत 27 ने वाढलं. साठा दिल्याने सुमारे 7. विक्रीतला लाभ काढल्याने सरासरीत फरक पडला नाही. 'पेशंटला हे नकोच असतं' हा डॉक्टरांचा समज हे मोठं कारण ठरलं. या समजाला आधारही आहे, कारण ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, फक्त पाणी भरून निघतं, आणि पालकांना 'थांबवणारं' काहीतरी हवं असतं.

म्हणून दवाखान्यात तोंडाने सांगा : 'डॉक्टर, ओआरएस आणि झिंक द्या.' झिंकची गोळी सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, आणि सलग 14 दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळी बंद होते, हा नेहमीचा घोळ. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परत होण्याचं प्रमाण कमी होतं ते पूर्ण मुदत घेतल्यावर.

प्रश्न : टेट्रापॅकमधलं तयार 'ओआरएस' मुलं आवडीने पितात. तेच दिलं तर? (वाचक, ठाणे)

मुलं आवडीने पितात, कारण त्यातल्या बऱ्याच पेयांत साखर भरपूर असते. साध्या कोलात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, ओआरएसमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली, पण जुना माल कुठे दिसलाच तर नावावर जाऊ नका, मागची बाजू वाचा. वर दिलेले चार घटक त्याच प्रमाणात असतील तरच ते ओआरएस.